आमचं म्हणजे कोणाचं

आंबेखेडी, ता. राळेगाव
४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मैना हीस ताईकडून, आचारसंहितेत बसतील तेवढे आशीर्वाद.

चार दिवस झाले, तू फोन लावत असशील आणि तो बंद लागत असेल. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. माझा फोन ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे आणि कपाटाची चावी सरपंचबाईंच्या कमरेला. पोळा झाल्यावर मिळेल, तोवर पत्रावर भागवायचं. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर पोस्टमास्तर माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी बैलांच्या दमणीचं तिकीट मागितलं.

तर झालं असं. आमच्या गावात बायकांची भजनी मंडळं तीन, हे तुला ठाऊक आहे. चंदाबाईचं मुक्ताई, जमनीबाईचं जगदंबा, आणि तिसरं ज्यात मी बावीस वर्षं झांज वाजवली ते. उन्हाळ्यात लग्नं होतात, नव्या सुना येतात, आणि चांगल्या गळ्याची सून ज्या मंडळात जाते ते मंडळ कोजागिरीला राळेगावची स्पर्धा मारतं. गेल्या वर्षी मोनाली नावाची सून आली. चंदाबाईने तिला कुकर दिला. जमनीबाईने साडी दिली, वर तिच्या सासूलाही दिली. आमच्या नलूबाईने तर त्यांच्या म्हशीला सरकीची ढेप पाठवली. पोरगी भिडस्त, तिघींनाही हो म्हणाली. स्पर्धेच्या दिवशी स्टेजवर तिघींनी तिला तीन बाजूंनी ओढलं. पदर एकीकडे, गजरा दुसरीकडे आणि मोनाली ध्वनिक्षेपकाखाली. पुन्हा असं झालं तर आंबेखेडीला कायमची बंदी, अशी ताकीद मिळाली.

म्हणून यंदा ग्रामसभेत ठराव झाला, की सुनांची भरती आचारसंहितेखाली होईल. लोकसभेची आचारसंहिता नुकतीच सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे उत्साह फार. तिन्ही मंडळांच्या पाट्यांवर बारदाना बांधला आहे. नव्या सुना दहा आणि प्रत्येक मंडळाला जागा तीनच. एकीला कुठेच जागा नाही, हे हिशेब न करताही कळतं, पण ते ग्रामसभेत कोणी बोललं नाही. सुनेच्या घरी प्रत्येक मंडळाने एकदाच जायचं, तिच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बसायचं आणि उठायचं. अर्धा कप चहा चालेल, चिवडा चालणार नाही. ओटी भरणं म्हणजे आमिष. पण नव्या सुनेला ओटी न भरता पाठवलं तर अपशकुन, म्हणून ग्रामपंचायतीतर्फे एक सामाईक ओटी भरली जाईल, तांदूळ काट्यावर मोजून. सरतेशेवटी सून चिठ्ठीवर एका मंडळाचं नाव लिहील, मंडळं आपापल्या पसंतीच्या सुनांची यादी देतील, आणि दोन्हीकडून जुळलं तर भरती.

हे सगळं पाहायला निरीक्षक हवी, ती मी. त्यासाठी मी मंडळ सोडलं आहे. माझी एक जागा राखून ठेवली आहे, चिंता नको. पण तोवर मी तटस्थ. तुझी लेक दिपाली या दहा सुनांतलीच, तरी तिच्या घरी जायचं नाही. रस्त्यात दिसली तर फक्त हवापाण्याचं बोलायचं. काल विहिरीवर भेटली. मी म्हटलं, “आभाळ आलं.” ती म्हणाली, “हाव मावशी, आलं.” आणि डोळ्यांत पाणी आणून निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

तिचं घर तुला माहीत आहे. सासू नाही. सासरा, दीर आणि नवरा, तोही लोहारा गावच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा येणारा. सासरे लखीराम सरळ सांगतात, “आमच्या घरची बाई वावरात जाते, विहिरीवर जाते आन् भजनाले जाते. चौथं ठिकाण नाही.” मंडळात गेली नाही तर त्या पोरीला वर्षभर बोलायला बैलांशिवाय कोणी नाही. मला सगळं कळतं, आणि मला काहीच करता येत नाही.

तुझी,
ताई (निरीक्षक)


केळापूर
९ ऑगस्ट, नागपंचमी

ताईला नमस्कार, आणि त्या निरीक्षकबाईला नाही.

पत्र वाचून डोकं गरगरलं. बावीस वर्षं ज्या मंडळात झिजलीस त्यातून तुला काढलं आणि तू त्याला तटस्थ म्हणतेस? माझी ताई भोळी ती भोळीच. तो नलूबाईचा डाव आहे. तिला तुझी झांज हवी आहे.

हे बघ, ती चंदाबाई गाते की म्हैस हंबरते हे केळापूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. दिपालीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला उठली तर घोडा बिथरला होता. जमनीबाई बरी, पण स्वतःशिवाय कोणाला एक ओळ गाऊ देत नाही. तिथे माझी पोर काय करेल? तिला श्रीकिसन मंडळातच घाल. किसनभाऊजींचं नाव पडलं म्हणून तू जन्मभर त्याला नुसतं “आमचं मंडळ, आमचं मंडळ” म्हणत आलीस, पण तेच घराजवळचं आहे आणि तेच चांगलं आहे.

आणि दिपालीला साधी समजू नकोस. ती ढोलकी वाजवते. आपल्या बाबांची ढोलकी तिने दहा वर्षांची असताना काढली, आणि पांढरकवड्याच्या गणपतीत तिच्यापुढे कोणी टिकत नाही. सासरी कोणाला सांगितलं नाही, कारण लखीरामभाऊंना बाईच्या हातात ढोलकी पाहवेल का माहीत नाही. तू कोणाला सांगू नकोस. फक्त तिची चिठ्ठी बरोबर डब्यात पडेल एवढं पाहा. मावशी कशाला असते?

तुझी,
मैना


आंबेखेडी
१४ ऑगस्ट

मैना,

आशीर्वाद मागाहून देते. आधी ऐक.

मी तुला लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा नियम झाला: निरीक्षकाला आलेलं प्रत्येक पत्र मारुतीच्या पारावर, तिन्ही अध्यक्षांसमोर, मोठ्याने वाचायचं. तुझं पत्र तसं वाचलं गेलं. वाचणारी मीच. मधल्या ओळी गाळाव्या म्हणून खोकले, तर चंदाबाई म्हणाली, “पानी प्या बाई, आन् तीच ओळ परत वाचा.” म्हशीची ओळ मी दोनदा वाचली, मैना. घोड्याची एकदा.

श्रीपुढचं नाव आलं तिथे तर माझी गाडीच अडली. बेचाळीस वर्षांत मी यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलेलं नाही. आईने लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. खरं-खोटं देवाला माहीत, पण आपल्या माणसावर कोण करून पाहील? म्हणून मी तिथे बोट ठेवून “हे मंडळ” म्हटलं. त्यावर जमनीबाईने हरकत नोंदवली, की हे म्हणजे कोणतं. मी “आमचं” म्हणणार होते तेवढ्यात जीभ चावली. तटस्थ माणसाला “आमचं” म्हणता येत नाही. म्हणजे बघ, एक शब्द नवऱ्यापायी बंद आणि दुसरा गावापायी. तेव्हापासून मी त्या मंडळाला “विहिरीजवळचं” म्हणते, आणि विहिरीजवळच तर चंदाबाईचंही घर आहे.

ढोलकीचं मात्र भांडं फुटलं. तीन मंडळांत मिळून ढोलकी वाजवणारी एकही बाई नाही. आता तिघींनाही दिपाली हवी आहे. परवा मुक्ताईची पाळी होती. दिपालीच्या कुकरची शिट्टी बिघडलेली, ती वाजेचना. तीन शिट्ट्या होईपर्यंत बसायचं असा नियम, म्हणून चंदाबाई साडेतीन तास बसून राहिली. वरणाचा कोळसा झाला. शेवटी लखीरामभाऊंनी तोंडाने तीन शिट्ट्या मारल्या, तेव्हा ती उठली. आता त्या शिट्ट्या ग्राह्य धरायच्या की नाही यावर उद्या सभा आहे.

एक कडक गोष्ट. सुनेला कोणी मंडळाचं नाव सांगून “हे लिही” म्हटलं तर तो प्रचार, आणि त्या सुनेची चिठ्ठी बाद. बाद म्हणजे वर्षभर घरी. सुनांचे फोन घेतलेले नाहीत, कारण नव्या सुनेचा फोन घेतला तर ती माहेरी निघून जाईल असं सरपंचबाई म्हणाल्या. म्हणून तुला हात जोडते. दिपालीशी बोलताना मंडळाचं नाव तोंडातून काढू नकोस. पत्रही जपून लिही. मी लिहिलेलं कोणी वाचत नाही, तू लिहिलेलं सगळा पार ऐकतो.

ताई


केळापूर
१८ ऑगस्ट

आदरणीय निरीक्षक महोदया, आणि पारावर बसलेल्या सर्व मातृशक्तीला माझा नमस्कार.

इकडे पाऊस बरा आहे. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं.

मागील पत्रात लेखणीच्या चुकीमुळे काही शब्द वेडेवाकडे पडले. माननीय चंदाबाईंच्या आवाजात जो भारदस्तपणा आहे तो आमच्या भागात दुर्मीळ आहे. घोडा बिथरला तो बँडमुळे. माननीय जमनीबाई स्वतः गातात कारण त्यांच्यासारखं दुसऱ्या कोणाला जमत नाही. माननीय नलूबाईंचा कोणताही डाव नाही. तिन्ही मंडळं एकासारखी एक आहेत, त्यात डावंउजवं करणारी मी कोण?

माझ्या मुलीशी माझं बोलणं होतं ते फक्त पावसाचं. परवा ती म्हणाली, थोडा पडला. मी म्हटलं, पडू दे.

आपली नम्र,
मैनाबाई


आंबेखेडी
२६ ऑगस्ट

चि. मैनास आशीर्वाद, यावेळी मनापासून.

तुझं पत्र वाचून चंदाबाई खूश. “भारदस्त” शब्द तिने तीनदा वाचायला लावला आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितला. घोड्याचं मात्र तिने अजून माफ केलेलं नाही.

माझ्यावर एक तक्रार झाली. प्रत्येक मंडळ दहा सुनांसमोर एक भजन म्हणतं, तिथे मी निरीक्षक म्हणून खुर्चीत बसते. विहिरीजवळच्या मंडळाचं भजन चालू असताना माझा पायाचा अंगठा हलला म्हणे. ठेक्यावर हलला. जमनीबाईने पाहिलं. मी म्हटलं, बावीस वर्षांची सवय, अंगठ्याला कोण सांगणार? सभेत चर्चा होऊन ठरलं, की पुढच्या सगळ्या कार्यक्रमांत निरीक्षकांनी पाय पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवायचे. पाणी हललं तर पक्षपात. मैना, मी साठ वर्षांची बाई, घमेल्यात पाय घालून बसते आणि माझ्या समोर माझ्या बायका माझ्या आवडीचं भजन म्हणतात. झांज नलूबाईच्या हातात. ती प्रत्येक तिसऱ्या ठोक्याला चुकते. मला रडू येतं, पण रडलं तरी पाणी हलेल.

परवा नावं जाहीर करण्याचा कार्यक्रम झाला. पाट्या झाकलेल्या, प्रचार बंद, मग सुनांना नावं कळणार कशी? म्हणून ठरलं, की निरीक्षकाने एकदाच, सगळ्यांसमोर, तिन्ही नावं स्वच्छ उच्चारायची. नंबर द्यायचे नाहीत, कारण एक नंबर कोणाला यावर आधीच दोन सभा मोडल्या होत्या. मी उभी राहिले. म्हटलं, मुक्ताई. म्हटलं, जगदंबा. तिसरं नाव उखाण्याशिवाय बाहेर येईना, म्हणून उखाणाच घेतला:

“कापसाच्या बोंडामधी असते काळी सरकी,
...रावांचं नाव घेते, कोणी समजू नका परकी.”

ठिपक्यांच्या जागी काय ते तुला माहीत आहे. सुनांनी टाळ्या वाजवल्या. मावशी खुशीत आहे असं त्यांना वाटलं असावं. ज्यांच्या घरी सासू आहे त्यांना सासवांनी रात्रीतून नावं सांगितलीच असतील, कोण पकडतं? दिपालीच्या घरी सासू नाही. ती माझ्याकडे पाहून हसली, मान हलवली. तिला कळलं असं मी धरून चालले आहे.

आणखी एक पोर आहे, खुशी नावाची. वर्ध्याकडची. तिचा गळा म्हणजे, आता तटस्थ आहे म्हणून काही म्हणत नाही. पण प्रत्येक मंडळ गाताना ती पुढे सरकून बसते, ओठ हलवत राहते. तिघींपैकी एकीनेही तिचं नाव यादीत घेतलेलं दिसत नाही. सगळं नियमाने चाललं आहे, आणि तरी ती दिसली की मी नजर दुसरीकडे वळवते.

आता चिठ्ठ्यांपर्यंत मौन. अध्यक्षांनी सुनांशी फक्त हवेबद्दल बोलायचं. काल चंदाबाई दिपालीला म्हणाली, “हवा तिकडूनच चांगली येते व, आमच्या आंगनातून.” त्यावरही तक्रार आली आहे.

ताई


केळापूर
३० ऑगस्ट

आदरणीय निरीक्षक महोदया,

पाऊस उघडला. दिपालीशी बोलणं झालं, हवामान उत्तम आहे. कोणत्याही मंडळाचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही, हे मी केळापूरच्या देवीची शपथ घेऊन पारावर सांगते. पोळ्याच्या सर्वांना शुभेच्छा.

मैनाबाई


आंबेखेडी
५ सप्टेंबर

मैना,

आशीर्वाद देऊ की रागावू, हे पत्र संपेपर्यंत ठरवते.

काल समाजमंदिरात चिठ्ठ्या उघडल्या. पुरुषांना आत मनाई. हे मला सोडायला आले होते आणि बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिले, मला चष्मा लागेल म्हणून तो खिशात घेऊन. आत दहा सुना भिंतीला टेकून, तिन्ही अध्यक्ष सतरंजीवर, सरपंचबाई नोंदवही घेऊन, मी खुर्चीत आणि पाय घमेल्यात.

पहिल्या चिठ्ठ्या सुरळीत गेल्या. मुक्ताईला तीन जुळल्या, जगदंबेला तीन. विहिरीजवळच्या मंडळाच्या दोन निघाल्या, त्या मी दोन उखाण्यांनी वाचल्या. दुसऱ्या उखाण्याला चंदाबाई म्हणाली, “बाई, हा तं तुमी मोनालीच्या हळदीले घेतलता.” उरल्या दोन चिठ्ठ्या, दिपालीची आणि खुशीची, आणि जागा उरली एक.

दिपालीची उघडली. त्यावर सुंदर अक्षरात एकच शब्द: “आमचं”.

मी मनातल्या मनात वाचला आणि चिठ्ठी पुढे केली, कारण हा शब्द मला उच्चारायला बंदी. चंदाबाईने घेतली, मोठ्याने वाचली आणि ओरडली, “आमचं! आमचं म्हंजे मुक्ताईच ना व!” जमनीबाईने ती हिसकली, वाचली आणि म्हणाली, “कायले मुक्ताई? मी वाचून राह्यली ना, आमचं! म्हंजे जगदंबा!” नलूबाईने वाचली, तिचंही आमचंच निघालं. जी वाचेल तिचं ते आमचं. चौथ्यांदा चिठ्ठी सरपंचबाईंच्या हातात गेली तर त्या म्हणाल्या, ही ग्रामपंचायतीची झाली का? तीन जागा भरलेल्या बायकाही चौथीसाठी भांडत होत्या, ढोलकी आहे ना.

मी दिपालीला विचारलं, “पोरी, कोन्तं मंडळ म्हनायचं तुले?” ती रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, तुमीच तं म्हनता ना आमचं मंडळ. लहानपनापासून ऐकून राह्यली. मले वाटलं त्याचं नावच आमचं आहे.”

सरपंचबाईंनी नियम काढला. मंडळाचं नाव स्पष्ट नसेल तर चिठ्ठी बाद. आणि कोणत्या मंडळाला ती आमचं म्हणते हे निरीक्षकाला ठाऊक असेल, तर निरीक्षकाने नाव स्पष्ट उच्चारून नोंदवावं. उखाणा चालणार नाही, कारण उखाण्यात नवरा असतो, मंडळ नसतं.

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी दिपालीकडे पाहिलं. वावर, विहीर आणि लखीरामभाऊंचं घर, एवढंच तिच्यापुढे वर्षभर दिसत होतं. आईचं बोलणं आठवलं. बाहेर यांचा खोकला ऐकू आला, त्यामुळे जास्तच भीती वाटली. मग मी देवाला म्हटलं, काय कमी करायचं असेल ते माझं कर. डोळे मिटले आणि जितका आवाज होता तितका लावून म्हटलं:

“श्री... किसन!”

आणि बाहेरून आवाज आला, “काय व?”

हे दारात येऊन उभे. हातात चष्मा. मला पाहत राहिले. म्हणाले, “तू हाक मारली मले?” बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, मैना. मी काय सांगणार, मंडळाचं नाव घेतलं म्हणून? मी म्हटलं, “हाव.” त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि चष्मा माझ्या हातात दिला. मी तशीच उठले आणि घमेल्यातलं पाणी सतरंजीवर सांडलं.

जमनीबाई ओरडली, “मानूस आत आला! मोजनी रद्द करा!” पण चंदाबाई उठली. तीच, म्हैस आणि घोडावाली. म्हणाली, “गप्प बस व जमने. जिनं जन्मात नवऱ्याचं नाव नाही घेतलं ते खोट्यासाठी घेईन का? पोट्टी श्रीकिसनची. लिहा.” लिहिलं गेलं.

उरली खुशी. तिचीही चिठ्ठी विहिरीजवळच्याच मंडळाची होती. यादीत तिचं नाव नाही, जागाही नाही. ती रडली नाही, रिकाम्या ओटीची पिशवी घडी करत राहिली. पुन्हा उलगडायची, पुन्हा घडी करायची. महिनाभर मी काटा, शिट्ट्या, अंगठा सगळं सांभाळलं, एका दाण्याचा फरक होऊ दिला नाही, आणि त्याचं फळ म्हणून एक पोर भिंतीपाशी उभी. मला सहन झालं नाही. मी म्हटलं, निरीक्षकाची राखीव जागा आहे ती हिला द्या. नलूबाई म्हणाली, “बाई, ते सुरात नाही गात.” मी म्हटलं, “तूही झांज चुकून राह्यली, घमेल्यातून दिसते मले.”

झालं. दोघी मंडळात, मी बाहेर. फोन मिळाला आहे, पण हे फोनवर सांगता आलं नसतं. आता सांग, दिपालीच्या डोक्यात हे “आमचं” नेमकं कोणी घातलं?

ताई


केळापूर
१० सप्टेंबर

ताई,

मीच. पायाशी डोकं ठेवते.

शपथ मी खोटी घेतली नाही, नाव खरंच घेतलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, “मावशी म्हनते तेच लिही.” मला वाटलं मी फार हुशार. भाऊजींचं नाव घेणं तुला किती जड आहे हे माहीत असूनही मी तुला तिथवर नेलं. तीन दिवस जेवण गेलं नाही.

दिपाली काल बोलली, हवामान सोडून. ढोलकी मंडळाच्या कपाटात असते म्हणे. लखीरामभाऊ पहिल्या दिवशी दुरून ऐकत उभे राहिले, दुसऱ्या दिवशी म्हणाले, “डावा हात जरा मोठा लाव.” खुशी बेसूर गाते, पण सगळ्यांत आधी येऊन सतरंजी टाकते.

पण तू, ताई? बावीस वर्षं. तुला पुन्हा घेणार ना? भाऊजींची तब्येत कशी आहे, खरं सांग. मी देवीला नारळ बोलले आहे.

मैना


आंबेखेडी
१५ सप्टेंबर

चि. मैनास भरपूर आशीर्वाद, न मोजता.

भाऊजी ठणठणीत आहेत. नारळ फोडून खाऊन टाक.

मला परत घेता येत नाही. राखीव जागा गेली. नव्याने यायचं तर नवी सून म्हणून यावं लागेल, असं नियमात आहे. सरपंचबाई म्हणाल्या, “नियम तुमीच सांभाळले बाई, आता आमी कसे मोडाचे?” पहिले दोन दिवस फार जड गेले. संध्याकाळी विहिरीजवळून ढोलकी ऐकू यायची आणि माझे हात रिकामे.

तिसऱ्या दिवशी हे एक झांजेची जोडी घेऊन आले. कुठे मिळाली सांगत नाहीत. म्हणाले, “म्हन.” आता रोज दिवेलागणीला ओट्यावर मी म्हणते आणि हे झांज वाजवतात. नलूबाई तिसऱ्या ठोक्याला चुकते, हे पहिल्यालाच चुकतात. मध्येच थांबून म्हणतात, “एक डाव हाक मार ना.” मी मारत नाही. कधी कधी मारते.

चंदाबाईने लगेच तक्रार केली आहे, की गावात चौथं मंडळ निघालं, त्यात पुरुष सभासद आहे आणि त्याची भरती कोणत्याही नियमाने झालेली नाही. मी पारावर उत्तर दिलं. त्यांची भरती बेचाळीस वर्षांपूर्वी झाली, तेव्हा त्यांना यादी दाखवली नव्हती आणि मला चिठ्ठी दिली नव्हती. तीन शिट्ट्यांचा वेळही नव्हता. आता जुळलं आहे, त्याला काय करता?

सरपंचबाईंनी नोंदवहीत लिहायला मंडळाचं नाव विचारलं. आता आचारसंहिता उठली आहे, मला काहीही म्हणता येतं.

मी म्हटलं, आमचं.

तुझी,
ताई